पश्चिमेची खिडकी



मागच्या एप्रिलच्या बैठकीत औसा तालुक्यातल्या आमच्या एका गटापुढे कर्जाचा अर्ज आला. रक्कम अठरा हजार, कारण खिडक्या. शेळी, शिलाई मशीन, लेकीची फी, दवाखाना ही कारणं आम्हाला सवयीची. खिडकीसाठी कर्ज आमच्याकडं पहिल्यांदाच आलं. ताई म्हणाल्या, "सासूबाईंना गेल्या मेमध्ये दोनदा सलाईन लागलं. त्यांची खोली दुपारी भट्टी होती. लाकडी खिडक्या काढून काचेच्या सरकत्या बसवल्या तर थंड राहील, असं मिस्त्री म्हणतो." आम्ही सह्या केल्या. खिडकीचं तोंड कुठं आहे, हे एकीनंही विचारलं नाही. मांडीवर रजिस्टर घेऊन आम्हीही तिथंच बसलो होतो.

मेमध्ये खोली आधीपेक्षा जास्त तापली. मग आम्ही दुपारी चार वाजता तिथं जाऊन बसलो. खिडकी पश्चिमेची. आतून जाड मरून पडदा लावलेला, तरी पडद्याला हात लावला तर इस्त्री केल्यासारखा गरम. काच ऊन आत घेते. ते फरशीवर, पेटीवर, पडद्यावर पडतं, त्या वस्तू तापतात आणि त्यांची धग काचेतून सहज परत जात नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद जीपमध्ये बसून बघा, लगेच कळेल. म्हणजे पडदा आतून लावला तर आपण उन्हाला घरात घेऊन मग दार लावतो. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. दुसरी गोष्ट, सरकती खिडकी अर्धीच उघडते, एक काच नेहमी दुसरीच्या मागं. जुनी दोन फळ्यांची खिडकी सताड उघडायची. अठरा हजार देऊन आम्ही वारा निम्मा केला.

आता दिशेचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. आपल्या लातूर-नांदेडला मेच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. तिथून जुलै संपेपर्यंत भर दुपारी तो आपल्या किंचित उत्तरेलाच असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला भर उन्हाळ्यात फारसं ऊन लागत नाही, तिथं साधा छज्जा पुरतो. थंडीत सूर्य दक्षिणेला खाली उतरतो, तेव्हा तीच खिडकी ऊब देते. तिला झाकू नका. त्रास पूर्व-पश्चिमेचा. त्यातही पश्चिमेचा जास्त, कारण तोवर भिंत, छत, हवा सगळंच तापलेलं असतं. आणि चारचं ऊन तिरपं येतं, छज्ज्याच्या खालून सरळ आत. पैसा थोडा असेल तर तो पश्चिमेच्या एकाच खिडकीवर लावा.

काय लावायचं? आपल्याकडं तूर निघाली की बांधावर तुराट्यांचे ढीग असतात. त्यांची ताटी विणा आणि खिडकीच्या बाहेर वीतभर अंतर सोडून टांगा. अंतर यासाठी, की ताटीमागची गरम हवा वर निघून जावी. भिंतीला चिकटवली तर ताटीची धग भिंतीतच उतरते. चुलीच्या धुराड्याजवळ मात्र ताटी नको, ठिणगी पडली की संपलं. शहरात तुराट्या कुठल्या? तिथं बांबूची चिक किंवा रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी जाळी, दुहेरी करून. नांदेडच्या एका गटातल्या बायकांनी सोयाबीनचे रिकामे तागाचे पोते उसवून पडदे शिवले आणि दुपारी त्यांच्यावर पाणी मारलं. वारा येत असेल तर हे छान. पण एकीनं खोली बंद करून चारही बाजूंनी ओले पोते लावले, आणि आत नुसता दमटपणा कोंडला. कूलरचंही तेच. समोरची खिडकी थोडी उघडी नसेल तर तो गार करण्याऐवजी चिकचिक करतो. तरी १८० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर महिन्याला ५४ युनिट वीज खातोच. ताटी काही खात नाही. फार तर शेळी ताटीला खाईल.

उरलेलं अर्धं काम रात्रीचं. सकाळी नऊच्या आत खिडक्या लावायच्या, ऊन उतरलं आणि बाहेरची हवा गार झाली की सगळ्या उघडायच्या. इथं बायका गप्प होतात. चोराची भीती, डासांची भीती, आणि गल्लीतून कोण बघतं त्याची भीती. ही भीती खोटी नाही. म्हणून आमचं मत असं, की कर्ज काढायचंच असेल तर ते गज आणि जाळीसाठी काढा, काचेसाठी नको. खालचा अर्धा भाग पडद्यानं झाकला तरी वरून वारा खेळतो.

जुन्या बाया म्हणतात, माळवदाच्या घरात हे काही करावं लागत नव्हतं. खरं आहे. दोन-दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचा थर, खिडक्या नावापुरत्या. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात त्याच भिंतींनी झोपेतली हजारो माणसं गाडली. नंतर सिमेंटची घरं आली, भिंती पातळ झाल्या आणि उन्हाळा आत आला. तशा भिंती आता कुणीच मागणार नाही, आम्हीही नाही. भिंत जे काम करत होती त्यातलं थोडं आता खिडकीला करावं लागतं, एवढंच.

पत्र्याचं घर असेल तर आधी वर बघा. तिथं धग छतातून येते, खिडकीच्या ताटीनं थोडाच फरक पडेल. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्या किंवा वर कडब्याच्या पेंढ्या अंथरा. आणि म्हातारं माणूस उन्हाळ्यात असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं आणि घाम बंद झाला, तर पडदे बघत बसू नका. अंगावर पाणी मारा आणि १०८ ला फोन करा.

त्या ताईंच्या जुन्या लाकडी फळ्या गोठ्यात पडल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यानं बिजागऱ्या वरच्या बाजूला लावून त्या पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून बसवल्या. दुपारी खाली सोडायच्या, संध्याकाळी काठीनं उचलून धरायच्या. खर्च बिजागऱ्यांचा आणि खिळ्यांचा. कर्जाचे सात हप्ते अजून बाकी आहेत, ते त्या वेळेवर भरतात. परवाच्या बैठकीत दुसऱ्या एकीचा कूलरसाठी अर्ज आला, तेव्हा आम्ही तोंड उघडायच्या आधी त्याच ताईंनी विचारलं, "तुझ्या खोलीची खिडकी कुणीकडं हाय गं?"