वारा, शीड आणि नाही म्हणण्याचा हक्क



कामगारांच्या सभेत बोलणाऱ्याने शिडाच्या होड्यांवर काय बोलावे, असे कोणाच्या मनात येईल. परंतु पाण्यावर वारा हा खेळाडूचाही मालक आणि नावाड्याचाही. आणि मालकाचा स्वभाव आधी ओळखावा, हे आम्ही चळवळीत शिकलो. शाळा आमची लवकर सुटली. पण हल्ली वाऱ्याचा अंदाज मोबाइलवर मिळतो, आणि थोडी खटपट केली तर तो आमच्यासारख्यालाही वाचता येतो. तो कसा वाचावा आणि वाचून काय करावे, एवढाच आजचा विषय.

जिल्ह्यातलाच दाखला घ्या. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये नौका वल्हवायला उतरले. ६ ऑगस्टला त्यांची पहिली शर्यत झाली. त्याच दिवशी त्या पाण्यावर सर्बियाची एक नौका उलटली आणि दुसऱ्या दिवशीच्या साऱ्या शर्यती वाऱ्यापायी पुढे ढकलाव्या लागल्या. वल्ह्यांच्या खेळाची ही गत. मग वारा हेच ज्याचे बळ, त्या शिडाच्या खेळाचे काय सांगावे?

वाऱ्याचे गणित मांडता येईल, असे रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ साली पुस्तक लिहून सांगितले. हाताने केलेले त्याचे उत्तर साफ चुकले, पण वाट बरोबर निघाली. १९५० साली अमेरिकेत तेच काम यंत्राने केले. आज आपल्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली पद्धती ६ किलोमीटरचे चौकोन पाडून साऱ्या पृथ्वीचा अंदाज करते. ती मे २०२५ मध्ये देशाला अर्पण झाली. विंडगुरू आणि विंडी ही खेळाडूंची आवडती साधने मात्र चेक देशातली. त्या देशाला समुद्रकिनाराच नाही! ज्याला गरज असते तो विद्या मिळवतोच.

आता वाचायचे कसे? पहिली गोष्ट, आकडा नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. वारा दुप्पट झाला म्हणजे शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. १० नॉटला हसतखेळत चालणारी होडी २० नॉटला नवशिक्याच्या हाती राहत नाही. दुसरी गोष्ट, सरासरी वारा आणि झोत हे दोन आकडे निराळे असतात. सरासरी १२ आणि झोत २२ असतील, तर तयारी २२ ची हवी. होडी सरासरीने उलटत नाही, झोताने उलटते.

तिसरी गोष्ट दिशेची. किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री व पहाटे जमिनीकडून मतलई. मतलई वाऱ्यात काठाजवळचे पाणी शांत दिसते, पण तोच वारा नवख्याला खोल समुद्राकडे लोटतो. चौथी गोष्ट आपल्या गंगापूर धरणाची. गणिताच्या चौकोनात ब्रह्मगिरी आणि अंजनेरीचे कडे सपाट होऊन जातात. म्हणून आकडा त्या चौकोनाचा असतो, तुमच्या काठाचा नव्हे. दोन पद्धतींचे अंदाज ताडून पाहावेत. ते जुळले नाहीत तर सावध राहावे. शिवाय हे वळवाचे दिवस. ढगातून कोसळणारा थंड वारा पावसाच्या आधी येतो, आणि त्याची घटका कोणताही मोबाइल नेमकी सांगत नाही. पश्चिमेला काळे भरून आले की शीड उतरवावे.

एवढे झाले तरी अर्धेच काम झाले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा कामगारांचा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. ७० हून अधिक दगावली. वादळाचा इशारा हवामान खात्याने काही दिवस आधीच दिला होता. म्हणजे उणीव अंदाजाची नव्हती. ज्याचा जीव पणाला लागला, त्याच्या हातात निर्णय नव्हता.

खेळाच्या काठावरही हेच आहे. आम्ही पाहिले, तेथे नावाड्याची मजुरी फेरीवर होती. वारा चढला की फेरी बंद, फेरी बंद की चूल बंद. पर्यटक घाई करतो, मालक घड्याळ पाहतो. अशा वेळी मोबाइलवरचा लाल आकडा पाहूनही नावाडी दोर सोडतो. त्याला अडाणी कोण म्हणेल? त्याला आकडा कळतो, भूकही कळते.

म्हणून आमचे म्हणणे तीन कलमांचे. किती नॉटला पाणी बंद, हे हंगामाआधी ठरवून काठावर मराठीत लिहावे. वाऱ्याने काम बंद पडले, तर त्या दिवसाची मजुरी द्यावी. आणि फलकावरची हद्द ओलांडलेली नसली, तरी पाण्यावर जाणाऱ्याने ‘आज नको’ म्हटले, तर तो शब्द शेवटचा मानावा.

बंधूंनो, उद्या मुलाबाळांना घेऊन होडीत बसाल, तेव्हा नावाड्याला विचारा, ‘दादा, आज वारा कसा आहे?’ आणि त्याने मान हलवली, तर घरी परत या. पैसे परत मिळतात, माणूस मिळत नाही.