हजारपट, पण कशाच्या?



साहित्याचा अध्यापक आज संगणकाच्या स्मृतीविषयी बोलणार आहे, कारण या विषयातला एक गाजलेला वाद मला मुळात भाषेचा वाटतो.

जुलै २०१५ मध्ये इंटेल आणि मायक्रॉन या कंपन्यांनी ‘थ्रीडी क्रॉसपॉइंट’ ही नवी स्मृती जाहीर केली. दावा होता : वेग १००० पटींपर्यंत, टिकाऊपणा १००० पटींपर्यंत, घनता १० पट. अलंकारशास्त्राचा विद्यार्थी इथे थबकेल. उपमेय एक, उपमाने मात्र दोन! वेग आणि टिकाऊपणा तोलला होता पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश स्मृतीशी. घनता तोलली होती संगणकाच्या डीरॅमशी. वेगाची तुलना डीरॅमशी केली असती, तर ही स्मृती मागे पडली असती. मालोपमेत कवीने उपमाने बदलली तर शोभा वाढते. मोजमापात बदलली तर वाचकाची दिशाभूल होते.

शंकेखोरांनी आणखी विचारले, ही स्मृती कोणत्या पदार्थाची? कंपन्यांनी ते उघड केले नाही. २०१७ मध्ये ‘ऑप्टेन’ नावाने ती बाजारात आली, तेव्हा तिचा प्रतिसाद फ्लॅशच्या साधारण दहापट जलद भरला. हजाराचा आकडा एकट्या स्मृतिपेशीचा होता. पेशीपासून वापरणाऱ्यापर्यंतच्या वाटेवर नियंत्रक, जोडणी आणि प्रणालीही वेळ घेतात. ‘पर्यंत’ या एका शब्दयोगी अव्ययात हे सारे दडले होते. २०२१ मध्ये मायक्रॉनने आणि २०२२ मध्ये इंटेलने हे काम थांबवले.

मग ही फसवणूक होती का? नाही. वस्तू खरी होती, काही कामांत फ्लॅशहून सरसही होती. म्हणून ‘क्रांती झाली’ म्हणणारा आणि ‘साऱ्या थापा’ म्हणणारा, दोघेही वाचनाचे कष्ट टाळतात.

मायक्रॉनचे केंद्र २०१९ पासून आपल्या हैदराबादेत आहे. तुमच्यापैकी कोणी अशा ठिकाणी काम करील, कोणी तिथल्या बातम्या मराठीत आणील. ‘पर्यंत’ गाळून ‘हजारपट वेगवान’ असा मथळा देणे म्हणजे दाव्यात पदरची भर घालणे होय. अनुवादकाने तीन प्रश्न विचारावेत : कशाच्या तुलनेत? कुठे मोजले? दावा करणाऱ्याखेरीज कोणी पडताळले? उत्तर नसेल, तर ‘कंपनीचे म्हणणे आहे’ एवढेच लिहावे. तेवढे लिहिण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. व्याकरणाची चाड लागते.