कोठा, काढा आणि भाकरी



कोठा साफ असला म्हणजे निम्मी दुखणी दूर राहतात, ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी आढळते. सोलापूर जिल्हाही त्याला अपवाद नाही. काष्ठौषधींच्या दुकानांतून सोनामुखी, हिरडा, इसबगोल आणि एरंडेल यांना बारमाही मागणी असते. ही समजूत सर्वस्वी निराधार नव्हे. परंतु तिचा अर्थ नीट ध्यानात घेतला नाही, तर औषधच अपायाला कारण होते.

या वनस्पतींचे कार्य एकसारखे नाही. इसबगोलाचा भुसा पाणी शोषून फुगतो आणि मळाला मऊपणा आणतो. तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावयास हवा. कमी पाण्यात घेतलेला भुसा घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. सोनामुखीची पाने मोठ्या आतड्याला चेतवितात. रात्री घेतलेल्या औषधाचा परिणाम बहुधा सकाळी दिसतो. एरंडेलाचा परिणाम काही तासांतच होतो, आणि तो तीव्र असतो. हिरडा, बेहडा व आवळकाठी यांचे त्रिफळा चूर्ण त्या मानाने सौम्य.

हा भेद आयुर्वेदाने फार पूर्वी ओळखला होता. सुखाने रेच होण्यासाठी निशोत्तर, मृदू रेचनासाठी बहावा आणि तीक्ष्ण रेचनासाठी निवडुंगाचा चीक, असे वर्गीकरण चरकसंहितेत आहे. त्याचबरोबर बालक, वृद्ध, गर्भिणी आणि अशक्त माणूस यांच्या बाबतीत शास्त्राने सावधगिरी सांगितली आहे. विरेचन हा वैद्याच्या देखरेखीखाली करावयाचा उपचार होय. दर रविवारी घरोघरी पाळावयाचा तो रिवाज नव्हे.

आतड्यात साचलेल्या मळाचे विष अंगभर पसरते, या कल्पनेने एके काळी पाश्चात्त्य वैद्यकालाही ग्रासले होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनचे प्रख्यात शल्यवैद्य आर्बथनॉट लेन यांनी केवळ जुनाट बद्धकोष्ठासाठी रुग्णांची मोठी आतडी काढून टाकली. पुढे ही उपपत्ती टिकली नाही. निरोगी आतडे आपली सफाई आपणच करते. वारंवार रेचक घेतल्यास मात्र शरीरातील पाणी व क्षार कमी होतात आणि औषधाची सवय जडते.

मग बद्धकोष्ठाचे मूळ कोठे आहे? सोलापूरचा उन्हाळा कडक. घाम पुष्कळ जातो आणि पाणी पिणे मात्र कमी पडते. विडी वळणाऱ्या स्त्रियांचे तासन्‌तास एका जागी बसून काम चालते. जेथे शौचालय दूर किंवा गैरसोयीचे, तेथे स्त्रिया वेग दाबून धरतात आणि जावे लागू नये म्हणून पाणीही टाळतात. मलमूत्रादी वेग अडवू नयेत, यासाठी चरकसंहितेने सूत्रस्थानातील एक संपूर्ण अध्याय खर्ची घातला आहे. या दृष्टीने पाहता, कामाच्या जागेजवळचे स्वच्छ शौचालय हाच कोठ्याचा पहिला उपाय ठरतो.

दुसरा उपाय जिल्ह्याच्या शेतातच पिकतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय अंश असतो; सडलेल्या पांढऱ्या तांदळात तो ३ ग्रॅमहूनही कमी भरतो. भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, ताक आणि पुरेसे पाणी असा आहार नित्य असेल, तर बहुतेकांना रेचकाची गरजच भासत नाही.

शेवटी काही धोक्याच्या खुणा प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवाव्यात. पोटात तीव्र कळा, उलट्या, पोटफुगी आणि वायूही न सरणे अशी लक्षणे असताना एरंडेल किंवा अन्य कोणतेही रेचक कदापि देऊ नये. आतड्याला अडथळा अथवा आंत्रपुच्छाचा दाह असल्यास ते प्राणावर बेतू शकते. मळावाटे रक्त जाणे, कारणावाचून वजन घटणे, उतारवयात शौचाची सवय एकाएकी बदलणे, यांवर काढे घेत दिवस दवडू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय गाठावे. हगवण लागलेल्या बालकाचा ‘कोठा धुण्यासाठी’ रेचक देणे तर अत्यंत घातक होय. त्या बालकाला हवी असते ती जलसंजीवनी: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंगावरचे दूधही चालूच ठेवावे.

वनौषधी हे या भूमीचे धन आहे. ते जाणत्याच्या सल्ल्याने आणि प्रसंगीच वापरावे. रोजच्या रोज कोठा सांभाळण्याचे काम भाकरीकडे, पाण्याकडे आणि वेळच्या वेळी शौचास जाण्याच्या सवयीकडेच सोपवावे, हे उत्तम.