इनव्हॉइस गेलं, पैसे आलेच नाहीत

आजचा एपिसोड फंडिंगवर नाहीये. पैसे यायचे असतात पण आलेले नसतात, त्या मधल्या दिवसांवर बोलायचंय. कारण मागच्या वर्षी हे माझ्याच घरात झालं.

मी डोंबिवलीचा. बीटेक केलं, चार वर्षं नोकरी केली, मग ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये मित्राबरोबर कंपनी काढली. छोट्या कारखान्यांच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो. पहिलं मोठं काम मिळालं तीन लाखांचं. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे इनव्हॉइस ३,५४,००० चं. आईनं पेढे वाटले, खरंच.

आता गंमत बघा. जीएसटी बिल केल्यावर भरायचा असतो, पैसे मिळाल्यावर नाही. मासिक रिटर्न असेल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत. क्लायंटकडून दमडी आली नव्हती आणि ५४,००० मी खिशातून भरले. वर दोन पोरांचे पगार. क्लायंट चार महिने "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणत राहिला. शेवटी आले ते १० टक्के टीडीएस कापून, ३,२४,०००. उरलेले ३०,००० आयकर रिटर्न भरून रिफंड येईपर्यंत सरकारकडे. कागदावर आम्ही नफ्यात होतो हं! खात्यात ११,००० होते.

(आणि सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. क्लायंट म्हणाला नंबर लागेल, म्हणून मी घेतला. सीएला विचारायला हवं होतं.)

घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सकाळी डबा घ्यायचा, लोकलला लटकायचं, रात्री येऊन "मस्त चाललंय" म्हणायचं. किराणा क्रेडिट कार्डावर. मग घराच्या कर्जाचा हप्ता बाऊन्स झाला. कर्जात बाबा को-अ‍ॅप्लिकंट, त्यामुळे बँकेचा मेसेज त्यांच्याही मोबाइलवर गेला. मी घरी आलो तेव्हा टीव्ही बंद होता. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "डबा अर्धा परत यायचा, तेव्हाच विचारायला हवं होतं मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एफडी मोडली. रिटायरमेंटची. त्या सकाळी बँकेच्या रांगेत त्यांच्या शेजारी उभं राहणं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पुढे जातो.

त्याच काळात क्विक हीलच्या कैलास काटकरांबद्दल वाचत होतो. शिक्षण दहावी, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान, भांडवल १५,०००. पुढे कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे, धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, त्यानं त्यावर प्रोग्रॅम लिहिले. १९९५ च्या सुमारास अँटिव्हायरस बाजारात आला. सिकोइयाचे ६० कोटी आले ते २०१० मध्ये! मधली पंधरा वर्षं आपण रीलमध्ये तीन सेकंदांत उडवतो. मला त्यातलं दुकान महत्त्वाचं वाटलं. दुरुस्तीचे रोजचे पैसे येत होते म्हणून भावाला प्रोग्रॅम लिहीत बसता आलं. आम्ही उलटं केलं होतं, दुकानच नव्हतं.

मग आम्हीही दुकान घातलं म्हणा. डोंबिवली एमआयडीसीतल्या काही कंपन्यांची कॉम्प्युटर आणि नेटवर्कची एएमसी घेतली. प्रिंटर का चालत नाही ते बघायला बीटेकवाला जातो. पार्टनरला अजिबात आवडत नाही. मलाही नाही. पण महिन्याचे पैसे महिन्याला येतात.

दुसरं म्हणजे उद्यम नोंदणी. फुकट आहे, ऑनलाइन होते, काम सुरू करायच्या आधी करा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यायलाच लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. शिवाय २०२३ च्या बजेटपासून मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च क्लायंटला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत टॅक्समध्ये दाखवता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांच्याच अकाउंट्समधून फोन येतात. तक्रारीला सरकारी पोर्टल आहे. मी तक्रार केली नाही, हे पण सांगतो. पहिलाच मोठा क्लायंट, तोंड उघडायची भीती वाटली. आता प्रत्येक कामाला ४० टक्के अ‍ॅडव्हान्स. दोन कामं त्यामुळे गेली.

आणि घरी फ्रिजवर एक आकडा लिहितो, दर एक तारखेला. नवीन रुपया नाही आला तर कंपनी किती महिने चालेल, तो. सगळ्यांना दिसतो. बाबा काही बोलत नाहीत, पण चष्मा लावून बघतात. परवा आईनं विचारलं, "मागच्या महिन्यात सहा होते ना रे, पाच कसे झाले?"

म्हटलं, लॅपटॉप घेतला. मग तो का घेतला, यावर अर्धा तास.