रिकामी गाडी आणि आपले म्हणणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काहीतरी गोड बोलावे असा रिवाज आहे. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘एस.टी.ची गाडी’ असे सांगितले. त्या हसून म्हणाल्या, “बाई, त्यात बोलण्यासारखे काय आहे? आली तर बसायचे, नाही आली तर वाट पाहायची.” मला वाटते, आपले सारे दुखणे या एका वाक्यात आले. गाडी म्हणजे काही पाऊस नव्हे, की पडला तर पडला! ती कोणीतरी कागदावर ठरवलेली असते. आणि जे कागदावर ठरते, ते कागदावर बदलताही येते. आज मला एवढेच सांगायचे आहे.

एस.टी.शी आपल्या जिल्ह्याचे नाते काही आजचे नाही. १ जून १९४८ रोजी राज्याच्या सरकारी मोटारसेवेची पहिली गाडी धावली, ती पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या वाटेवर. तेव्हापासून आपल्या आया, सासवा, नणंदा याच गाडीने माहेरी गेल्या, दवाखान्यात गेल्या, पंढरीला गेल्या. बाईमाणसाला स्वतःच्या नावाची मोटार नसते. घरातली दुचाकी असते ती घरधन्याची, नाहीतर मुलाची. तेव्हा गावात जिला खरोखर ‘आपली गाडी’ म्हणावे, अशी एस.टी. हीच एक.

आपले सोनई तालुक्याने नेवाशाचे, पण कामाने चारी दिशांचे. कचेरीच्या कामाला नेवासा, मोठ्या दवाखान्याला नगर, बाजाराला घोडेगाव, आणि पलीकडे राहुरी. शेजारीच शिंगणापूर, शनिवारी अमावास्या आली की भाविकांची रीघ लागते. हंगामात कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाड्या उभ्या राहतात. इतक्या ओढाताणीत गाड्यांच्या वेळा आणि मार्ग अधूनमधून बदलायचेच. थांब्यावर कुजबुज ऐकू येते, अमुक फेरी बंद होणार, तमुक गाडी आता थेट जाणार. आपण ऐकतो, हळहळतो आणि पिशवी उचलून काळी-पिवळीत बसतो. एक दिवस गाडी खरोखरच येईनाशी होते आणि मग आपण रागावतो. यालाच म्हणतात, बैल गेला अन् झोपा केला.

हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. माझ्या हातूनही हेच झाले आहे. ते सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका लहान गावच्या शाळेत शिकवीत होते. गावाचे नाव सांगत नाही. ते कोणतेही गाव असू शकेल. शाळा सुटली की वाटेवरच्या वस्त्यांवर राहणाऱ्या मुली संध्याकाळच्या गाडीने घरी जात. एका वर्षी त्या गाडीची वेळ अलीकडे आली. शाळेची घंटा होण्याआधीच गाडी निघून जाऊ लागली. आम्ही वाहकाला थांब्यावर गाठून भांडलो. तो बिचारा म्हणाला, “बाई, मला सांगून काय उपयोग? मी काय वेळापत्रक करतो?” त्याचे खरेच होते. पुढे गावातली चार वजनदार मंडळी एका पुढाऱ्याला घेऊन आगारात गेली. शब्द मिळाला. गाडी आठ-दहा दिवस जुन्या वेळेला आली, मग पुन्हा होती तशीच झाली. शब्द तोंडी दिलेला आणि वेळापत्रक लिहिलेले. टिकले ते लिहिलेले.

आणि मग तीन-चार महिन्यांत ती फेरीच बंद झाली. कारण काय, तर “गाडी रिकामी धावते.”

दहावीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. वस्तीवरून येई. अंधार पडल्यावर दोन-अडीच कोस चालत जाणे तिच्या वडिलांना पसंत नव्हते, आणि त्यांना दोष देण्याचा मला धीर झाला नाही. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेले. तिची आई चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, “बाई, पोरगी कुठे नको म्हणते? गाडी नको म्हणती.” त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वेळ बदलल्याचे मला श्रावणातच कळले होते. मी तोंडाने पुष्कळ बोलले होते, पण एक ओळ लिहिली नव्हती.

त्यानंतर आम्ही काही बायका एकत्र बसलो. शंभर पानी वही आणली. थांब्यासमोर एका भगिनीचे किराणा दुकान होते. वही तिच्याकडे ठेवली. पंधरा दिवस रोज लिहायचे, कोणत्या वेळी किती माणसे थांब्यावर आली, त्यात बायका किती, मुली किती, कोठे जायचे होते आणि शेवटी गेली कशाने. पंधरा दिवसांनी वही वाचली, तेव्हा आमचे डोळे उघडले. गाडी रिकामी धावत होती हे आगाराचे म्हणणे खोटे नव्हतेच! ती रिकामी धावत होती. कारण ती शाळा सुटण्याच्या वीस मिनिटे आधी येत होती. गाडीला माणसे नव्हती आणि माणसांना गाडी नव्हती. मध्ये अंतर होते ते वीस मिनिटांचे.

आणखीही एक गोष्ट वहीने शिकवली. दुपारच्या फेरीसाठीही आम्ही आग्रह धरणार होतो. वहीत पाहिले तर दुपारी दोन-तीनच माणसे असत. ती मागणी आम्ही आपण होऊन सोडली. आपली मागणी खरी आहे असे दुसऱ्याला पटवायचे, तर जी खरी नाही ती आधी आपणच टाकून द्यावी लागते.

मग अर्ज लिहिला. “आमच्यावर अन्याय झाला” असे पानभर लिहिले नाही. “बंद केलेली फेरी पंचवीस मिनिटे उशिराच्या वेळेने पुन्हा सोडावी; सोबत पंधरा दिवसांची मोजणी आणि शाळेच्या वेळा जोडल्या आहेत,” एवढेच लिहिले. दोन प्रती केल्या. एक दिली, दुसरीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घेतली. शिक्का मागताना माझी जीभ अडखळली, हेही सांगते. एका भेटीत काम झाले नाही. तीन वेळा जावे लागले. पण शाळा पुन्हा उघडली त्या जूनमध्ये गाडी नव्या वेळेने सुरू झाली आणि पुढे टिकली. ती मुलगी मात्र परत आली नाही. तोवर तिचे लग्न होऊन गेले होते. वहीसाठी जे पंधरा दिवस लागले, ते श्रावणातच घालवले असते तर काय झाले असते, हा विचार आजही मला सोडत नाही.

भगिनींनो, कचेरीतला माणूस काही राक्षस नसतो. त्याच्यापुढे आकडे असतात. गाडीत जागा किती आणि भरल्या किती, या हिशेबाला एस.टी.त ‘भारमान’ म्हणतात. वाहकाच्या यंत्रातून निघालेल्या तिकिटांवरून हे कळते. पण थांब्यावर उभी राहून कंटाळून परत गेलेली बाई त्या यंत्रात कोठेच नसते. चालत गेलेली मुलगी त्यात नसते. आपली मोजणी हवी ती याचसाठी. जे त्यांच्या कागदावर येऊ शकत नाही, ते आपण आणून द्यायचे.

कोणी म्हणेल, आमचे तर अर्धे तिकीट, मुलींचे पास फुकट. आम्ही कोणत्या तोंडाने मागावे? ही समजूत आधी टाकून द्या. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्ध्या भाड्याची सवलत आहे. पंचाहत्तरी उलटलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. शाळकरी मुलींच्या मोफत पासाच्या योजनेला तर आपल्याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या लेकीचे, अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. या सवलतींची भरपाई शासन महामंडळाला देते, आणि ती आपल्याच करांतून येते. तेव्हा ही भीक नव्हे. मात्र अर्धे तिकीट असले तरी ते मागून घ्या. न घेतलेले तिकीट म्हणजे कागदावर न झालेला प्रवास.

आता कायद्याचे थोडेसे. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात महामंडळाचे कर्तव्य सांगितले आहे. सेवा कार्यक्षम हवी, पुरेशी हवी, काटकसरीची हवी आणि परस्परांशी नीट जुळलेली हवी. आपल्याला बहुधा ‘काटकसर’ एवढाच शब्द ऐकवतात. ‘पुरेशी’ आणि ‘जुळलेली’ हे शब्दही त्याच ओळीतले आहेत. सकाळची गाडी शाळेच्या वेळेशी जुळावी, हे मागणे त्या कायद्याला धरूनच आहे. एखाद्या मार्गाची किंवा भागाची वाहतूक सरकारी सेवेकडे देण्याची योजना काढायची असेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ती राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापावी लागते, आणि ३० दिवसांच्या आत कोणालाही हरकत घेता येते. पण एका फेरीची वेळ बदलायला राजपत्र निघत नाही. तो बदल मुकाट्याने होतो. म्हणूनच तेथे आपण आधी जागे असले पाहिजे.

जागे राहण्याची साधनेही आहेत. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो, आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अमुक फेरीचे गेल्या सहा महिन्यांचे भारमान किती, ती बंद करण्याचा प्रस्ताव आहे काय, असेल तर कारण कोणते, हे विचारता येते. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. तेथे ठराव करून तो पुढे ग्रामसभेत मांडता येतो. जुलै २०२४ मध्ये महामंडळाने ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला, तो विभागाच्या अधिकाऱ्यांनी आगारात बसून प्रवाशांची गाऱ्हाणी समक्ष ऐकावीत यासाठी. राजा म्हणवून घ्यायचे, तर निदान दरबारात हजर तरी राहायला हवे!

आपल्यासारख्या बायकांनी काय होणार, असे ज्यांना वाटते त्यांना एक दूरची हकीकत सांगते. अमेरिकेत माँटगोमेरी नावाचे शहर आहे. तेथे काळ्या लोकांना बसमध्ये मागे बसवीत आणि गोऱ्यांसाठी उठवीत. त्या शहरात काळ्या स्त्रियांचे एक मंडळ होते, आपल्यासारखेच. जो ॲन रॉबिन्सन या शिक्षिका त्याच्या अध्यक्षा होत्या. २१ मे १९५४ रोजी त्यांनी नगराध्यक्षांना पत्र लिहिले. त्यातली एक मागणी किती साधी होती पाहा. गोऱ्यांच्या वस्तीत बस प्रत्येक कोपऱ्यावर थांबते, तशी आमच्याही वस्तीत थांबावी. पत्राकडे कोणी नीट लक्ष दिले नाही. पुढे १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी जागा सोडण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्याच रात्री रॉबिन्सनबाईंनी हजारो पत्रके छापून काढली. ५ डिसेंबरपासून लोकांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला, आणि भेदाचा तो नियम सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गेला. जग रोझा पार्क्स यांना ओळखते आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्री मंडळ तयार होते, कारण ते दीड वर्षापूर्वीच लिहू लागले होते. आपले दुःख त्यांच्याइतके मोठे नाही; मग आपल्याला तर लिहायला काहीच हरकत नसावी.

एक सावधगिरीचा शब्द सांगते आणि संपवते. रस्ता एकट्या सोनईचा नाही. आपल्या थांब्यावर गाडी थांबते तेव्हा पुढच्या गावची आजारी म्हातारी पाच मिनिटे उशिरा पोहोचते. थेट गाडी आपल्याला नकोशी असेल. तिला ती हवी असेल. म्हणून अर्जाआधी वाटेवरच्या गावांतल्या मंडळांशी बोलावे. चार गावांचा एक अर्ज गेला, तर एका गावाला दुसऱ्यापुढे उभे करून कोणाला सुटता येणार नाही.

या मंडळाने आजवर हळदीकुंकू केले, शिवणवर्ग चालवले, अडल्यानडल्याला हात दिला. यंदाच्या वर्षी एक वही घालावी, अशी माझी विनंती आहे. पहिले पान मी घरून आखून आणले आहे. तारीख, वेळ, बायका किती, मुली किती, कोठे जायचे, कशाने गेल्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रेघा ओढाव्यात. रेघाही मोजता येतात. सोमवारपासून पहिला आठवडा थांब्यावर मी बसते. दुसऱ्या आठवड्याला कोण बसणार, ते पानसुपारी होण्यापूर्वी मला सांगा. तिचे नाव मी आजच लिहून ठेवते.