दोघांचा एकच वकील?



आमच्या सल्ला केंद्रात बायका पर्समधून घडी घातलेला कागद काढतात आणि विचारतात, "ताई, वकील दोघांचा एकच आहे. सही करू का?" वकील ठरवला कोणी? नवऱ्याने. फी दिली कोणी? त्यानेच. कागद वाचला? "ते म्हणाले, नुसती सही करायची आहे."

आधी कायदा पाहू. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली कलम १३-ब आले. वर्षभर वेगळे राहिलेले पतिपत्नी परस्पर संमतीने घटस्फोट मागू शकतात. अर्ज दोघांचा मिळून असतो, त्यामुळे तो एकाच वकिलामार्फत दाखल होतो आणि न्यायालये तो स्वीकारतात. पण एकाने दुसऱ्याविरुद्ध दावा लावला असेल, तर एका वकिलाला दोन्ही बाजू घेता येत नाहीत. बार कौन्सिलचे नियमच तसे आहेत.

एका बाईला मीच सांगितले होते, "भांडण नाही ना? मग एकच वकील पुरे, खर्च वाचेल." अर्ज दाखल झाल्यावर ती पुन्हा आली. तिने न वाचता सही केलेल्या अर्जात एक ओळ होती : पोटगी आणि स्त्रीधन यांवरचा हक्क ती सोडत आहे. तिचे दागिने सासूच्या कपाटात होते. आम्ही वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "मी दोघांचा आहे, एकाची बाजू कशी घेऊ?" त्यांचे म्हणणे खरे होते. तिची बाजू घेणारे तिथे कोणीच नव्हते, आणि ते माझ्या आधी लक्षात आले नाही.

सुदैवाने वेळ हाती होता. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचे असते. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले आहे. तिने स्वतंत्र वकील घेऊन ती मागे घेतली. अटी नव्याने ठरल्या, दागिने परत आले, मुलांचा खर्च लेखी झाला. घटस्फोट शेवटी संमतीनेच झाला. मात्र योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ करता येतात, असा निकाल २०१७ साली आला आहे. तेव्हा विचाराला वेळ मिळेलच, असे धरून चालू नका.

म्हणून आता मी असे सांगते : अर्ज एका वकिलाने केला तरी चालेल, पण सहीपूर्वी तो आपल्या वेगळ्या वकिलाकडून मराठीत समजून घ्या. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कुटुंब न्यायालयात समुपदेशकाशी एकटीने बोलण्याची वेळ मागा. ठरलेली रक्कम आणि दागिने शेवटच्या जबाबापूर्वी हातात घ्या.

आणि आपण कार्यकर्त्यांनी "सामोपचाराने मिटले" म्हणून हुश्श करण्याआधी तिला एवढे विचारावे : बाई, यात काय लिहिलंय, ते मला तुझ्या शब्दांत सांगशील?