फऱ्याची साथ

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. बोईसरहून पालघरला येताना लोकलमधली वरची कडी धरता येईना. नमाजाला उभा राहिलो, की तकबीरीचा हात कानापर्यंत न जाता छातीपाशीच थबके. लिहिता येत होतं, म्हणून घरचे म्हणाले, कवीचं काय अडलंय!

फिजिओथेरपीच्या बाईंनी आरशापुढे उभं केलं. मी साधा बी.ए., हात खांद्याला जोडलेला असतो एवढंच ठाऊक. त्यांनी सांगितलं, हाताला धडाशी जोडणारा हाडांचा सांधा एकच. गळ्याखालचं आडवं हाड छातीच्या मधल्या हाडाला मिळतं तो. मागचा फरा बरगड्यांवर नुसता स्नायूंच्या आधाराने सरकतो. हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी सुमारे १२० खांद्याच्या सांध्याचे आणि ६० या फऱ्याच्या फिरण्याचे. माझ्या सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आवळलं होतं. चाळिशी ते साठीत हे होतं, मधुमेह असणाऱ्यांना जास्त. सांधा हटून बसल्यावर बिचारा फरा एकटाच ओढत होता. हात वर जाण्याऐवजी खांदाच कानाकडे चढत होता.

पुढे सातपाटीच्या बंदरावर एका कोळीणबाईंना टोपली डोक्यावर घेताना पाहिलं. दोन्ही हात वर जाताना पाठीवरचे फरे कसे सहज बाहेर वळले! विचारलं, "मावशी, खांदे दुखत नाहीत?"

"दुखतात ना. टोपली उतरवल्यावर."

आठ महिने झाले व्यायामाला. परवा पहाटे अंगठा कानाच्या पाळीला लागला.